हुद्दा वेगळा, काम तेच : कोल्हापूरच्या कारखानदारांना खुलं पत्र

प्रति,
शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत आणि शिवाजी उद्यमनगर इथल्या फाउंड्री (ओतकामाचे कारखाने) व मशीनशॉपचे मालक, भागीदार आणि एच. आर. अधिकारी

विषय : सारख्या कामाला वेगळा पगार, माणसं कमी करून वाढवलेलं काम आणि कामगारांना उपलब्ध असलेले कायदेशीर मार्ग

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्र तुमच्या नावानं आहे, पण ते कामगारही वाचतील हे धरूनच लिहिलं आहे. मालकाला एक कायदा आणि कामगाराला दुसरा असं सांगायची गरज आम्हाला वाटत नाही. पगारपत्रकं तपासणं आणि वेतनाचे दावे लिहिणं हे आमचं काम. त्यावरून बनलेलं मत आधीच सांगतो : कोल्हापूरच्या कारखान्यांतला पगारातला फरक बहुतेक वेळा दरात सापडत नाही, तो हुद्द्याच्या रकान्यात लपलेला असतो. एकाच टेबलावर एकच कास्टिंग (ओतीव भाग) तपासणारे दोघं असतात. एकाच्या नावापुढे ‘इन्स्पेक्टर’ लिहिलेलं असतं, दुसरीच्या नावापुढे ‘हेल्पर’. मग ‘हेल्परचा दर तेवढाच आहे’ हे उत्तर तयार असतं. दावा उभा राहिला तर हे उत्तर पहिल्या तारखेलाच पडतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. समान वेतनाचा १९७६ चा कायदा, किमान वेतनाचा १९४८ चा, वेतन प्रदानाचा १९३६ चा आणि बोनसचा १९६५ चा, हे चारही आता वेतन संहिता २०१९ मध्ये सामावले आहेत. ‘नियम अजून पूर्ण आले नाहीत, तोवर थांबू’ असा सल्ला देणारे सल्लागार भेटतात. तो ऐकू नका. संहितेशी विसंगत नसतील तेवढे जुने नियम चालू राहतात, आणि स्त्री-पुरुष म्हणून पगारात भेदभाव करायला मनाई करणारं कलम ३ नियमांची वाट बघत नाही.

त्या कलमात ‘एकच किंवा सारख्या स्वरूपाचं काम’ असे शब्द आहेत. काम सारखं आहे का हे ठरवताना लागणारं कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी बघायची, कामाची परिस्थिती सारखी आहे का ते बघायचं, आणि जो फरक दिसेल तो प्रत्यक्ष कामात महत्त्वाचा आहे की नुसता कागदावरचा हे तपासायचं. फाउंड्रीत ही कसोटी लावायची सगळ्यात योग्य जागा म्हणजे कोअर शॉप (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, बनतात तो विभाग) आणि इन्स्पेक्शन, कारण बायका तिथेच जास्त असतात आणि ‘त्यांचं बसकाम आहे’ हे वाक्यही तिथेच ऐकू येतं.

बसकाम म्हणजे काय ते बघू. सिलिंडर हेडच्या वॉटर जॅकेटचा कोअर पातळ असतो, हाताळताना कोपरा तुटतो. त्याची फिन (सांध्यावरची जादा कड) घासायची, सांधे भरायचे, कोटिंग सारख्या जाडीचं द्यायचं, सुकवायचं, आणि गॅस बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे ना ते बघायचं. ती वाट कोटिंगनं बुजली की ओतकामात गॅसला जायला जागा राहत नाही आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल (पोकळी) येतो. सांधा नीट भरला नाही तर धातू आत शिरतो आणि पाण्याचा मार्ग अडतो. हा दोष फेटलिंगमध्ये (कास्टिंग घासून साफ करताना) क्वचितच दिसतो. तो मशीनिंग झाल्यावर लीक टेस्टला सापडतो, किंवा थेट गिऱ्हाइकाच्या लाइनवर. तोवर त्या नगावर वीज, धातू आणि मशीनिंगचा खर्च होऊन गेलेला असतो. ज्या टेबलावरच्या चुकीनं एवढं नुकसान होतं, त्या टेबलावर जबाबदारी कमी आहे हे कोणत्या तोंडानं सांगणार? रिजेक्शनचा अहवाल तुमचाच असतो, आणि त्यात कोअर फिनिशिंगच्या ऑपरेटरचं नाव असतं. दाव्यात तोच अहवाल जबाबदारीचा पुरावा ठरतो.

प्रत्येक फरक बेकायदा असतो असं मात्र आम्ही म्हणत नाही. १,४०० अंशांच्या आसपास तापलेला धातू ओतणाऱ्याला उष्णतेचा भत्ता, रात्रपाळीचा भत्ता, सेवेच्या वर्षांनुसार वाढ, लेखी कौशल्य चाचणीनं ठरलेली श्रेणी, मोजलेल्या उत्पादनावरचा पीसरेट (नगामागचा दर) ही सगळी समर्थनं टिकतात. अट एकच : ती आधी लिहिलेली असावीत आणि सगळ्यांना सारखी लागू असावीत. दावा आल्यावर लिहिलेलं श्रेणीपत्रक कितीही नेटकं असलं तरी त्यावरची शाई ताजी दिसते.

‘परवडत नाही’ हे समर्थन मात्र टिकत नाही. ऑड्रे डि’कोस्टा या मुंबईतल्या स्टेनोग्राफरचा मॅकिनन मॅकेन्झी कंपनीविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये निकाली काढला. स्त्री स्टेनोग्राफरना पुरुषांपेक्षा कमी पगार होता, आणि कंपनीचा एक बचाव आर्थिक क्षमतेचा होता. समान वेतनाचा कायदा मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही, असं न्यायालयानं सांगितलं. गिऱ्हाईक कास्टिंगचा किलोमागचा दर दाबतं हे आम्हालाही माहीत आहे. ती घासाघीस खरी आहे, पण तिचा भार कोअर शॉपच्या पगारावर टाकायला कायदा परवानगी देत नाही.

आता त्या पळवाटेकडे वळू, जी सगळ्यांना ठाऊक आहे. कलम ३ मधली तुलना ‘एकाच मालकाच्या’ कर्मचाऱ्यांमध्ये करायची असते. म्हणून पुरुष कंपनीच्या हजेरीवर घ्यायचे आणि बायका, किंवा बाहेरच्या राज्यांतून आलेली मुलं, ठेकेदाराच्या हजेरीवर. कागदावर मालक दोन झाले. ही वाट वाटते तेवढी सुरक्षित नाही, आणि त्याची कारणं तीन. पहिलं, कंत्राटी कामगार कंपनीच्या थेट कामगारासारखंच काम करत असेल तर त्याचा वेतनदर, सुट्ट्या आणि कामाचे तास तेच असावेत, ही अट महाराष्ट्राच्या १९७१ च्या कंत्राटी कामगार नियमांत (नियम २५) ठेकेदाराच्या परवान्याचीच अट म्हणून घातलेली होती. दुसरं, व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेचं कलम ५७ मुख्य कामात कंत्राटी मजूर लावायला मनाई करतं. अचानक वाढलेलं काम किंवा दिवसाचा मोठा भाग न लागणारं काम असे अपवाद आहेत, पण फाउंड्रीत कोअर बनवणं हे मुख्य काम नाही असं सिद्ध करायला फार कसरत करावी लागेल. (कंत्राटी मजुरांची ही तरतूद ५० किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तिथे लागते.) तिसरं कारण सगळ्यात महाग पडणारं : हजेरी ठेकेदाराची, पण काम वाटणारा, रजा मंजूर करणारा, ओरडणारा आणि घरी पाठवणारा सुपरवायझर कंपनीचा असेल, तर ठेका नावापुरता ठरतो. अशा वेळी कामगार कंपनीचेच धरले जातात, हे स्टील अथॉरिटीच्या २००१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी तुमच्यावर येतेच.

मुदतीच्या नेमणुकीबद्दलही गैरसमज आहे. औद्योगिक संबंध संहितेत ‘निश्चित मुदतीचा रोजगार’ मान्य आहे, पण अशा कामगाराचे तास, वेतन, भत्ते आणि इतर लाभ तेच काम करणाऱ्या कायम कामगारापेक्षा कमी असता कामा नयेत, आणि एक वर्ष भरलं की प्रमाणात ग्रॅच्युइटी द्यावी लागते. कायम कामगारापेक्षा स्वस्त पडावा म्हणून मुदतीचा कामगार घेत असाल तर त्या हिशेबाला कायद्याचा आधार उरलेला नाही. ‘ट्रेनी’ या शब्दाचंही तसंच. शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रीतसर नोंदलेला अप्रेंटिस वेगळा. पण नोंदणी नाही, शिकवण्याचा कार्यक्रम नाही आणि पहिल्या आठवड्यापासून पूर्ण पाळीचं उत्पादन घेतलं जातं, तर तो तुमचा कामगार आहे.

आकडे मांडून बघू. समजा इन्स्पेक्शनला पुरुषाला दिवसाला ७२० रुपये आणि त्याच टेबलावरच्या बाईला ५६० रुपये मिळतात. फरक १६० रुपये. २६ दिवसांचे ४,१६० रुपये, वर्षाचे ४९,९२० रुपये. अशा १२ जणी असतील तर वर्षाला ५,९९,०४० रुपये. वेतन संहितेचं कलम ४५ सांगतं की दाव्याची रक्कम ठरल्यावर प्राधिकारी त्यावर दहा पटीपर्यंत भरपाई लावू शकतो. दहा पट प्रत्येक वेळी लागेल असं नाही, पण वरची मर्यादा ती आहे. दाव्यासाठी मुदत तीन वर्षांची, आणि एका आस्थापनेतल्या कितीही जणांना मिळून एकच अर्ज करता येतो. आदेशानंतर पैसे भरले नाहीत तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. हे सगळं कलम ५९ सोबत वाचा : पगार कमी दिला किंवा दिलाच नाही असा दावा आला, तर देणं पूर्ण दिल्याचं सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. जुन्या काळी कामगाराला सगळं दाखवावं लागायचं ही सवय अजून बऱ्याच एच. आर. विभागांच्या अंगात आहे. ती सोडावी लागेल.

तुलना करताना फक्त बेसिक समोर धरू नका. संहितेतल्या ‘वेतना’च्या व्याख्येतून घरभाडे आणि प्रवास भत्ता एरवी वगळलेले आहेत, पण समान वेतनाच्या कारणासाठी ते आणि ओव्हरटाइमही मोजायचे असं त्याच व्याख्येत लिहिलं आहे. दोघांचं बेसिक सारखं ठेवून एकालाच मोठा वाहतूक भत्ता देण्याची युक्ती म्हणून चालत नाही.

ओव्हरटाइमबद्दल थोडक्यात. दर साध्या वेतनाच्या दुप्पट असतो. महिना १५,६०० रुपये असेल तर २६ दिवसांनी भागून दिवस ६०० रुपये, आठ तासांनी भागून तास ७५ रुपये, म्हणून ओव्हरटाइमचा तास १५० रुपये. रोज दोन जादा तास म्हणजे महिन्याचे ५२ तास आणि ७,८०० रुपये. इथे अनेकदा ३,९०० रुपये दिले जातात, तेही ‘प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह’ या नावाखाली, कारण मस्टरवर जादा तास दाखवायचे नसतात. पण बायोमेट्रिक मशीनचा मूळ लॉग, गेटचं रजिस्टर आणि कंपनीच्या बसच्या वेळा खोटं बोलत नाहीत. मस्टर दुरुस्त करणारा माणूस ही तिन्ही कागदपत्रं एकदम दुरुस्त करायला हमखास विसरतो.

आता तुम्ही काय करायचं ते. तपासणी नावांवरून सुरू करू नका, कामाच्या जागांवरून करा. सँड मिक्सिंग, मोल्डिंग, शेल मशीन, कोल्ड बॉक्स, कोअर फिनिशिंग, मेल्टिंग, पोअरिंग, नॉकआऊट, शॉट ब्लास्टिंग, फेटलिंग, इन्स्पेक्शन, डिस्पॅच अशा जागा एका तक्त्यात घ्या. गेल्या तीन महिन्यांत प्रत्येक जागी प्रत्यक्षात कोण उभं राहिलं ते लिहा, पाळीच्या सुपरवायझरला विचारूनच लिहा, मस्टरवरून नव्हे. प्रत्येकापुढे तो कोणाच्या हजेरीवर आहे, स्त्री की पुरुष, सेवा किती, हातात येणारा एकूण पगार आणि बायोमेट्रिकच्या मूळ लॉगवरचे तास. मग एकूण पगाराला तासांनी भागा. तासाच्या दराचा हा एकच रकाना खरा आहे. एका जागेवर तासाच्या दरात फरक दिसला की कारणाचा रकाना भरा. तो भरता आला नाही किंवा ‘पहिल्यापासून असंच आहे’ एवढंच लिहिता आलं, तर ती जागा दुरुस्त करायची. दुरुस्ती म्हणजे कमी असलेला दर वर नेणं. वरचा दर खाली आणून समानता साधायला कलम ३ मध्येच मनाई आहे. तपासणी झाल्यावर श्रेणीपत्रक मराठीत आणि हिंदीत नोटीस बोर्डावर लावा, आणि ठेकेदाराच्या करारात दर श्रेणीशी जोडा. नाहीतर पुढच्या ठेक्याच्या बोलीत तो पुन्हा खाली घसरतो.

आता कामाच्या बोजाबद्दल. हा विषय जास्त अवघड आहे, कारण ‘काम फार आहे’ असं म्हणून दावा लावता येईल असं एकच कलम नाही. तरीही कायदा हात बांधून बसलेला नाही. औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४० प्रमाणे तिसऱ्या परिशिष्टातल्या सेवाशर्ती बदलायच्या तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. कामाचे तास, विश्रांतीची वेळ, पाळी, वेतन आणि श्रेणी त्या यादीत आहेत. त्याच यादीत विभागातली किंवा पाळीतली माणसांची संख्या वाढवणं किंवा घटवणं हेही आहे, नैमित्तिक बदल सोडून. म्हणजे शेल मशीनवर (कोअर बनवण्याच्या मशीनवर) तीन माणसं होती, एक निवृत्त झाला, त्याची जागा न भरता तेच नॉर्म (पाळीत काढायच्या नगांचा ठरवलेला आकडा) दोघांवर टाकलं आणि महिनोन्‌महिने चालू ठेवलं, तर तो ‘आपला अंतर्गत प्रश्न’ उरत नाही.

नॉर्म ठरवतानाच बहुतेक वेळा चूक होते. टाइम स्टडी (कामाला लागणाऱ्या वेळेची मोजणी) चांगल्या कोअर बॉक्सवर (कोअरच्या साच्यावर), ताज्या वाळूवर आणि सगळ्यात वेगवान ऑपरेटरवर घेतली जाते. बॉक्स साफ करणं, मोल्ड रिलीज मारणं, वाळू संपून हॉपर भरेपर्यंतची वाट, बॉक्स बदल, वीज गेल्यावर मशीन पुन्हा तापेपर्यंतची वेळ आणि पाणी प्यायची वेळ यांतलं काहीच धरलं जात नाही. मग नॉर्म कोणालाच गाठता येत नाही, इन्सेंटिव्ह कोणालाच मिळत नाही, कोअरची रिजेक्शन वाढते आणि ‘हल्लीची माणसं काम करत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. टाइम स्टडी तीनही पाळ्यांत, मध्यम वेगाच्या ऑपरेटरवर आणि कामगार प्रतिनिधीच्या सहीनं घ्या.

यापुढचा भाग मुख्यतः कामगारांसाठी आहे. मालकांनीही तो वाचावा, म्हणजे पुढे काय येणार आहे ते कळेल.

पहिली पायरी कारखान्यातच आहे. २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असायलाच हवी. दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य, जास्तीत जास्त दहा, आणि बायकांचं प्रतिनिधित्व त्यांच्या संख्येच्या प्रमाणात. वाद उद्‌भवल्यापासून एका वर्षात अर्ज करायचा, समितीनं ३० दिवसांत काम संपवायचं, निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जायचं. समितीच नेमलेली नसेल तर अर्ज व्यवस्थापनालाच द्या आणि समिती नसल्याचं त्यात लिहा.

अर्ज कसा लिहावा? ‘माझ्यावर अन्याय होतो’ या वाक्यानं काही होत नाही. असा लिहा : ‘मी अमुक तारखेपासून इन्स्पेक्शन विभागात दुसऱ्या टेबलावर काम करते. त्याच टेबलावर त्याच गेजनं तेच नग तपासणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्यांचा दर दिवसाला इतका आहे, माझा इतका आहे. वेतन संहितेच्या कलम ३ प्रमाणे फरकाची रक्कम अमुक महिन्यापासून द्यावी, किंवा फरकाचं कारण लेखी कळवावं.’ तारीख, जागा, तुलना, रक्कम आणि मागणी. एवढंच. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टनं पाठवा. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे. शेवटचं वाक्य, म्हणजे लेखी कारण मागणं, फार उपयोगी पडतं. उत्तर आलं तर मालकाची बाजू आधीच कागदावर बांधली जाते. नाही आलं तर गप्प बसणंही नोंदलं जातं.

फरकाच्या किंवा थकलेल्या रकमेसाठी कलम ४५ चा दावा. तो कर्मचारी स्वतः, नोंदणीकृत युनियन किंवा निरीक्षक-नि-सुलभकर्ता (सरकारी कामगार निरीक्षकाचं संहितेतलं नाव) करू शकतो. काम सारखं आहे की नाही यावरच वाद असेल तर तोही सरकारनं नेमलेला प्राधिकारी ठरवतो. यात एक मोठा फायदा आहे, जो फार कमी लोकांना माहीत असतो : वेतन संहितेत ‘कर्मचारी’ शब्दाची व्याख्या रुंद आहे, तीत सुपरवायझर आणि मॅनेजरही येतात. औद्योगिक संबंध संहितेत मात्र ‘कामगार’ म्हणून दाद मागताना महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा सुपरवायझर बाहेर राहतो. शिक्षकांना तर सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच, गोव्याच्या एका खटल्यात, ‘कामगार’ या व्याख्येबाहेर ठेवलं. तेव्हा पतसंस्थेतली शाखाधिकारी, रुग्णालयातली नर्सिंग इन्चार्ज किंवा शाळेतली शिक्षिका यांनी समान वेतनाचा दावा वेतन संहितेखाली मांडावा. दुसऱ्या दारानं गेल्यास निम्मी लढाई ‘मी कामगार आहे का’ यातच संपते.

जुन्या थकबाकीबाबत जपून. तीन वर्षांची मुदत संहितेतली आहे. त्याआधीच्या काळासाठी मालकाचे वकील जुन्या मुदती पुढे करतील : किमान वेतनाच्या दाव्याला सहा महिने, वेतन प्रदानाच्या दाव्याला बारा. उशीर माफ करून मागता येतो, पण त्यासाठी कारण लागतं. ‘भीती वाटत होती’ हे कारण कितीही खरं असलं तरी कागदावर कमकुवत ठरतं.

दुसरा मार्ग अनुचित कामगार प्रथांचा. महाराष्ट्राच्या १९७१ च्या एमआरटीयू आणि पीयूएलपी (कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध) कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात, गुणवत्ता न बघता एका गटाला झुकतं माप देणं आणि कायमपणाचे लाभ टाळण्यासाठी माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरता ठेवणं, या दोन्ही अनुचित प्रथा म्हणून नोंदल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या परिशिष्टातही त्याच आहेत, दंड १०,००० ते २ लाख रुपये. १९७१ च्या कायद्याखाली तक्रारीची मुदत घटनेपासून फक्त ९० दिवसांची. लोक इथेच सगळ्यात जास्त चुकतात : आधी साहेबांशी बोलू, मग गावातल्या पुढाऱ्याला भेटू, दिवाळी होऊ दे, आणि चौथा महिना उजाडतो. तक्रार प्रलंबित असताना अंतरिम आदेश मागता येतो, म्हणून कामावरून काढण्याची चाहूल लागताच जाणं शहाणपणाचं. ठेकेदाराच्या हजेरीवर असाल तर आणखी एक अडचण आहे. मालक-कामगार नातं वादात असेल तर ते आधी दुसऱ्या मंचावर सिद्ध करावं लागतं, थेट या कायद्याखाली तक्रार चालत नाही, असं सिप्ला प्रकरणात २००१ मध्ये ठरलं आहे. नव्या संहितेत न्यायाधिकरणांची रचना बदलते आहे, तेव्हा अर्जाच्या माथ्यावर कोणत्या कायद्याचं कोणतं कलम लिहायचं हे दाखल करण्याच्या आठवड्यात वकिलाकडून बघून घ्या. शेजारच्या कारखान्यातल्या मित्राचा दोन वर्षांपूर्वीचा अर्ज उतरवून काढू नका.

पुराव्यात पगाराची स्लिप सगळ्यात पुढे. ती देणं मालकावर बंधनकारक आहे. नियुक्तिपत्रही. स्लिप मिळत नसेल तर बँकेचा उतारा आणि पीएफचं पासबुक काढा. पासबुकात दर महिन्याचं दाखवलेलं वेतन असतं आणि ते बहुतेक वेळा हातात येणाऱ्या रकमेशी जुळत नाही. ती विसंगतीच पुरावा आहे. पाळी बदलल्याचे, सुट्टीला बोलावल्याचे व्हॉट्सॲप संदेश मूळ फोनमध्ये ठेवा. फोन विकू नका, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ उपकरणाचा प्रश्न विचारला जातो. रोजची वही ठेवा : तारीख, मशीन, नगाचं नाव, नॉर्म, हजर माणसं, झालेले नग, मशीन बंद पडल्याची वेळ. रोज लिहिलेली साधी वही शेवटी आठवून लिहिलेल्या सुबक तक्त्यापेक्षा जास्त विश्वासाची ठरते. मात्र कंपनीची ड्रॉइंग, गिऱ्हाइकांचे दर किंवा सहकाऱ्यांची आधार कार्डं यांतलं काही उचलू नका. पगाराचा मुद्दा बाजूला पडतो आणि चौकशी तुमचीच लागते.

नोकरी सोडताना ‘सगळा हिशेब मिळाला, कसलीही तक्रार नाही’ अशा छापील कागदावर सही मागितली जाते. संहितेखालची देय रक्कम सोडून देणारा करार कलम ६० प्रमाणे रद्दबातल ठरतो. तरीही सही करताना मिळालेली रक्कम आणि तारीख हातानं लिहा आणि कोरी जागा ठेवू नका. सोडल्यावर किंवा काढल्यावर पगार दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा. ‘पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला या’ हे त्यात बसत नाही.

वकिलाचा खर्च ही खरी अडचण असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा किंवा १५१०० या क्रमांकावर विचारायचं. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. खालच्या निकालाविरुद्ध रिट करायची तर मुंबईचा प्रवास, मुक्काम आणि बुडालेली हजेरी असा धसका पूर्वी असायचा, आणि कित्येक कामगार तिथेच माघार घ्यायचे. कामगाराला दमवून प्रकरण संपवण्याचा हिशेब ज्यांनी मांडला असेल, त्यांनी तो पुन्हा मांडावा.

शेवटी उद्योजकांच्या संघटनांना दोन मागण्या. फाउंड्रीतल्या कामाच्या जागांचं एक समान श्रेणीपत्रक तयार करा, त्यात कोअर फिनिशिंग आणि इन्स्पेक्शनच्या कौशल्याच्या पायऱ्या मोल्डिंगइतक्याच तपशिलानं लिहा, आणि ते लिहिताना त्या टेबलांवर काम करणाऱ्या बायकांना बैठकीला बोलवा. दुसरं, किमान वेतनाचा विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो, तेव्हा तुम्ही सभासदांना दरपत्रक पाठवताच. त्याच पाकिटात ठेकेदारांसाठीचा दुरुस्त दर आणि ओव्हरटाइमचा तासाचा दर छापून पाठवा. बऱ्याच छोट्या कारखान्यांत पगार करणारा माणूस अर्धवेळ हिशेबनीस असतो आणि समोर आलेला आकडा तो भरतो. त्याच्यासमोर बरोबर आकडा ठेवणं हे एका दिवसाचं काम आहे.

कळावे,

पगारपत्रकं आणि कामगार कायद्याचं काम करणारे आम्ही काही जण,
कोल्हापूर